शर्ट असा चिमटीत धरून का चालता?

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. गणपती मंदिराच्या बाहेर, मंडईत, आणि मागच्या महिन्यात तर एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी विचारलं, ओ काका, तुम्ही डाव्या बाजूनं शर्ट असा चिमटीत धरून का बसलाय, आमटी सांडली का काय? नागीण झाली होती म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कधी? चार वर्षं झाली. आं? मग अजून बरी नाही झाली?

दर वेळी मी आपलं हसून सोडून देतो, कारण पंगतीत भात आलेला असताना काय काय सांगणार. पण इतक्या जणांनी विचारलंत म्हणून आता एकदा लिहूनच टाकतो.

मी सांगलीचा, वय ७१, मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर चाळीस वर्षं दिवाणजी होतो. २०२१ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी छातीच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली आग व्हायला लागली. मुंग्या, मधेच सुई टोचल्यासारखं, परत आग. डावी बाजू म्हटल्यावर घरात सगळ्यांची तोंडं उतरली, धनत्रयोदशीला ईसीजी काढला, तो चांगला आला, म्हणून डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली. त्यांना तरी काय दोष देऊ, तेव्हा अंगावर एक फोड नव्हता. नागिणीत आधी नुसतं दुखतं आणि दोन-चार दिवसांनी फोड येतात हे मला नंतर कळलं.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान. आमच्या हिनं पाठीला तेल लावायला हात फिरवला आणि मी असा ओरडलो की पलीकडच्या घरातलं लाईट लागलं. हिनं चष्मा आणला, बघितलं, म्हणाली, अहो, लाल चट्टे आहेत, त्यावर बारीक फोड आहेत, मोत्याच्या सरीसारखे. पाठीच्या कण्यापासून काखेखालून पुढं छातीपर्यंत, अर्धा पट्टा.

मग काय, दिवाळी, दवाखाने बंद, आणि गल्लीत सगळेच डॉक्टर. आमच्या गल्लीत एक आजी आहेत त्या नागीण उतरवतात, पैसे घेत नाहीत, नारळ सुद्धा घेत नाहीत. त्यांनी काव कालवून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रेघा ओढल्या, म्हणजे नागीण पुढं सरकत नाही. दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप दिला. यार्डातल्या हमाल मंडळींनी राजापुरी हळद पाठवली, घरच्या डब्यात ती असताना सुद्धा. लेप गार वाटायचा, खरं सांगतो, आजींच्या हाताला माया होती, आणि मला आजपर्यंत त्यांचा राग आलेला नाही. पण त्यात चार दिवस गेले, आणि नेमके तेच चार दिवस महत्त्वाचे होते.

त्यातल्या दोन रात्री तर मी झोपलोच नाही. दुखत होतं हे एक, पण भीती जास्त. तुम्हालाही माहीत असेल, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात. मी चाळीस वर्षं हिशेब लिहिलेला माणूस, पण रात्री दोन वाजता हिला उठवून टेलरचा टेप काढायला लावला. ही एका हातात मोबाईलचा टॉर्च धरून मोजतेय, कण्यापासून इकडं किती, छातीच्या मधल्या हाडापर्यंत किती राहिलं, मी कागदावर लिहून घेतोय. पहिल्या रात्री छातीकडं चार बोटं जागा शिल्लक होती. दुसऱ्या रात्री अडीच. आता यातून उजवीकडं वळली की संपलं, असं मी मनातल्या मनात व्याज लावल्यासारखा दिवस मोजत होतो.

ती वळत नसते. हे सोमवारी मिरजेच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मला तिथंच रडू फुटलं. ती एका नसेच्या वाटेनं जाते, आणि कण्यातून निघालेली प्रत्येक नस आपापल्या बाजूचा पट्टा सांभाळते, डावीची डाव्या बाजूचा, उजवीची उजव्या. म्हणून पट्टा मध्यावर येऊन थांबतो. तोंड-शेपूट जुळायचा प्रश्नच नाही. डॉक्टर म्हणाले, ओ काका, टेप घेऊन मोजत बसलात त्याऐवजी फोन केला असता तर बरं झालं असतं, फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या की त्यांचा फायदा सगळ्यात जास्त. तरी नवे फोड येत होते म्हणून त्यांनी सुरू केल्याच. असायक्लोव्हिर म्हणून विषाणूवरची गोळी, ८०० ची, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. सहा, दहा, दोन, सहा, दहा, आमच्या भिंतीवर हिनं खडूनं लिहिलं होतं, अजून पुसट दिसतंय.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता तो मात्र वेगळाच, लहानपणी कांजिण्या झालेल्या का? झालेल्या, पाचवीत असताना, म्हणजे साठ वर्षांपूर्वी. तर म्हणे तोच विषाणू. तो कांजिण्या बऱ्या झाल्या म्हणून जात नाही, कण्याच्या शेजारी नसांच्या गाठी असतात तिथं जाऊन गप्प बसतो. मला लगेच सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवली. ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी, जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत हळद, वरून तोंड बंद करून माती. वर्षानुवर्षं हळद तशीच, वरून चालणाऱ्याला पत्ता नाही की पायाखाली काय आहे. पुरात पुष्कळ पेवं गेली, पण आमच्या पिढीनं ती उघडताना बघितलीत. तसं माझ्या पाठीत एक पेव साठ वर्षं बंद होतं, आणि वय झालं, राखण करणाऱ्या प्रतिकारशक्तीला डुलकी लागली, की ते उघडलं.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते इंग्लंडमधल्या एका साध्या फॅमिली डॉक्टरनं, होप-सिम्पसन नाव, १९६५ साली. मुलानं मला ते वाचून दाखवलं आणि माणूस मला फार आवडला, कारण तो आमच्याच जातकुळीतला, खतावणी लिहिणारा. त्याच्या दवाखान्याकडं साधारण साडेतीन हजार माणसं, त्यानं १६ वर्षं नागिणीच्या प्रत्येक पेशंटची नोंद ठेवली, १९२ झाले, आणि त्यातून दाखवून दिलं की वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. त्याचा हिशेब असा की माणूस ८५ वर्षं जगला तर निम्म्या लोकांना ही एकदा होतेच. निम्म्या! आमच्या पेन्शनर कट्ट्यावर बारा जण बसतो, मी रोज बघून मनात सहा मोजतो.

आणि एक गोष्ट राहिली. त्या दिवाळीला सूनबाई पुण्याहून आली होती, पाचवा महिना चालू होता. नागीण झालेल्याकडून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण फोडातल्या पाण्यातून ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात, आणि गरोदर बाईला ते चांगलं नाही. हे ऐकून आल्यावर मी माडीवर आणि ती खाली, मधे जिना. तिनं विहीणबाईंना फोन लावला, आई, मला कांजिण्या झालेल्या का गं? पलीकडून उत्तर आलं, झालेल्या की, तिसरीत, फोटो पण आहे. तेव्हा कुठं घरात फराळाचा डबा उघडला. तरी फोडांच्या खपल्या पडेपर्यंत मी खाली आलो नाही.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. लोकांच्या दृष्टीनं तिथं नागीण संपली. आता तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर.

फोड गेले, दुखणं गेलं नाही. तीन महिन्यांच्या पुढं राहिलं की त्याला पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात आणि ते म्हाताऱ्या माणसांना जास्त होतं. कातडीवर काही नाही, थोडे पांढरट डाग, शर्ट काढून दाखवला तरी कोणाला पटणार नाही. पण आतली नसच दुखावलेली असते. यार्डातला काटा बिघडला की रिकाम्या पारड्यालाही तीन किलो दाखवतो ना, तसं. काही लागलेलं नसताना नस ओरडून सांगते, आग लागली. आणि गंमत बघा, जोरात दाबलं तर दुखत नाही, हलकं लागलं की जीव जातो. पंख्याचा वारा, अंघोळीचे पहिले दोन थेंब, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सैल शर्टाचं कापड चालताना घासतं ते. म्हणून मी शर्ट चिमटीत धरतो. घरी हिच्या जुन्या सुती पातळाचा पट्टा फाडून छातीला घट्ट गुंडाळतो, घट्ट असलं की चालतं. लग्नाकार्यात एप्रिलच्या उकाड्यात तो पट्टा नको होतो, मग चिमूट.

औषधं चालू आहेत. प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्यावरची गोळी सुरू केली तेव्हा दिवसाची घेत होतो, इतकी गुंगी यायची की सौद्याच्या वहीत ११,४०० चे १४,१०० लिहिले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अक्षरात खाडाखोड झाली, त्याच वर्षी काम सोडलं. एकदा बाथरूममध्ये तोल गेला. मग डॉक्टरांनी डोस कमी करून रात्रीचा केला, जोडीला अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० ची, त्यानं तोंडाला कोरड पडते पण झोप लागते. लिडोकेनची, कातडी बधिर करणारी पट्टी असते ती बारा तास लावायची, बारा तास काढायची. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम पण वापरून बघितलं. लावून झाल्यावर विसरून डोळा चोळला, पुढचं सांगत नाही.

डॉक्टर दर वेळी विचारतात, दहापैकी किती दुखतंय? मला ते दहापैकी जमत नाही, मी आण्यात सांगतो. पहिल्या वर्षी बारा आणे, कधी पुरते सोळा. आता तीन-चार आणे, थंडीत सहा. आता त्यांच्या फाईलमध्ये पण आणेच लिहिलेले असतात.

लस आहे, शिंग्रिक्स नावाची, आपल्याकडं २०२३ ला आली, पन्नाशीच्या पुढच्यांना, दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. महाग आहे, एका डोसला दहा हजाराच्या वर जातात. ही म्हणाली, एवढ्यात तर माडीला रंग होतोय. मी म्हणलं, रंग नंतर, तू आधी दंड पुढं कर. दोन दिवस अंग मोडून आलं तिचं, मला शिव्या घातल्या, दुसऱ्या डोसला मुकाट्यानं आली. मी पण घेतली, एकदा झाली म्हणून परत होत नाही असं नाही.

मागच्या पावसाळ्यात यार्डातल्या एका जुन्या तोलाईदाराचा फोन, दिवाणजी, पाठीत एका बाजूला आग होतीया, फोड-बिड काय न्हाई, चमक भरली असंल. मी म्हणलं, शर्ट काढ, आरसा घे, रोज सकाळ-संध्याकाळ बघ. तिसऱ्या दिवशी सकाळी परत फोन, आलं बगा. दुपारी तो मिरजेत, संध्याकाळी पहिली गोळी पोटात. पस्तिसाव्या दिवशी कट्ट्यावर आला तो ताठ, खडखडीत, पाठीवर शर्ट कसाही हलतोय, आणि माझ्या चिमटीकडं बघून विचारतो, तुमचंच कसं काय राहिलं ओ?