उपाशीपोटी घाट नको: अमरावती ते चिखलदरा सायकलवर

डिसेंबरातल्या एका रविवारी अमरावतीहून चिखलदऱ्याला सायकलने गेलो. परतवाड्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर जवळपास सपाट. तिथून धामणगाव गढीमार्गे तीसेक किलोमीटर, आणि त्यात सातशे मीटरच्या आसपास चढाई. हीच राईड गेल्या वर्षी मला घाटातच सोडावी लागली होती. वजन उतरवायला सायकल घेतलेल्या कुणावर ती वेळ येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

तेव्हा माझं वजन ८८ किलो होतं. कमी खायचं, जास्त चालवायचं, एवढंच डोक्यात. सकाळी कोरा चहा, बाटलीत साधं पाणी. परतवाड्यापर्यंत झकास वाटलं. घाटात मात्र काही वळणांनंतर हात थरथरायला लागले, थंडीतही कपाळावर गार घाम आला, गिअर वर टाकायचा की खाली हेच सुचेना. रस्त्याकडेला बसलो तो उठवेना. दुधाच्या कॅन घेऊन उतरणाऱ्या एका पिकअपवाल्याने सायकलसकट खाली आणलं. घरी पोचल्यावर दुपारपासून रात्रीपर्यंत खातच होतो, पुढचे दोन दिवसही तेच. त्या आठवड्यात काटा वर गेला.

शरीरात स्नायू आणि यकृत मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, म्हणजे दीड-दोन हजार कॅलरी. रात्रभरात यकृतातला साठा बराच उतरतो. चरबी अंगावर कितीही असली तरी ती सावकाश जळते. चढावर जोर लावायचा तर साखरच लागते. माझं आणि सायकलचं मिळून शंभर किलो वजन सातशे मीटर वर न्यायलाच सातशेच्या आसपास कॅलरी लागतात, सपाटीचे पन्नास किलोमीटर वेगळे. ते सगळं कोऱ्या चहावर कसं निभावणार होतं?

या वेळी आदल्या रात्री वरण-भात वाटीभर जास्त घेतला. पहाटे दोन केळी खाऊन पाचला निघालो. वलगाव मागे पडलं, आसेगावला पूर्णेच्या पुलावर नदी दिसतच नव्हती, नुसतं धुकं. फोनवर दर वीस मिनिटांनी गजर लावला होता; भूक असो-नसो, गजर झाला की दोन घास. तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम कर्बोदकं एवढं माझं माप. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम येतात. बाकीचं बाटलीतून: पाऊण लिटर पाण्यात तीन मोठे चमचे साखर, अर्धं लिंबू, पाव लहान चमचा मीठ. सायकलवाल्यांसाठी मिळणारी महागडी एनर्जी जेल नसली तरी काही अडत नाही. मात्र मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आसेगावच्या टपरीवर बाटलीत साखर ओतताना चहावाल्या काकांनी विचारलं, "एवढी साकर कायले भाऊ? वजन कमी करून रायले म्हन्ता ना?" मी म्हटलं, "काका, घाटासाठी." ते म्हणाले, "मंग टाका बाप्पा, बैलालेबी कामाच्या दिवशी ढेप जास्तच लागते." ढेप म्हणजे जनावरांची पेंड. मला याहून नीट कुणी समजावलं नव्हतं.

परतवाड्यात पोहे घ्या, तर्री परतीसाठी ठेवा. तेल-तिखट चढावर पोटात गोळा होऊन बसतं. दोन्ही बाटल्या इथेच भरा, घाटात पाण्याचा भरवसा धरू नका. पहिल्या वळणापासूनच हलका गिअर टाका, इतका की बोलता आलं पाहिजे. मागच्या वेळी बसलो होतो ते वळण आलं तेव्हा छातीत धडधडलं, पण पाय चालत होते. केळी काढायची तर माकडं नसतील तिथे काढा.

मोथा गावात गवळ्यांची वस्ती आहे, खवा मिळतो. थोडा खाल्ला, मनापासून. साडेअकराला चिखलदऱ्यात होतो.

मग वजन कमी कुठे करायचं? राईड नसलेल्या दिवशी. रोज तीनशे-चारशे कॅलरीचीच तूट ठेवतो: रात्री एक भाकर कमी, फोडणीचं तेल मोजून, चहा बिनसाखरेचा. डाळ, अंडी, दही मात्र वाढवलं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. दहा महिन्यांत ८८ चे ८१ झालो. लांब राईडनंतर लगेच काट्यावर उभे राहू नका. त्या दिवशी घटलेलं बरंचसं घामाचं पाणी असतं, आणि साठा परत भरला की प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी परत येतं. मी दर बुधवारी सकाळी मोजतो.

उतरताना विंडचीटर हवाच, घामेजल्या अंगाला वारा झोंबतो. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाआधी दाबा आणि सोडा. शनिवार-रविवारी दहानंतर वर येणाऱ्या गाड्या वाढतात, वळण कापत येतात. धामणगाव गढीला उतरल्यावर ढिगावरून अर्धा किलो संत्री घेतली आणि बांधावर बसून सगळी संपवली.