विश्वामित्रीचा काठ: पॉलीलाइन हलकी करण्याचा माझा अनुभव

बडोद्यातून जाणारी विश्वामित्री सरळ म्हणून वाहत नाही. त्यामुळे तिचे दोन्ही काठ उपग्रह-चित्रावरून आपोआप रेखून घेतले, की हातात येते ती पिक्सेलच्या पायऱ्या-पायऱ्यांची पॉलीलाइन, म्हणजे बिंदूला बिंदू जोडत गेलेली सलग रेषा. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर व्हर्टेक्स (रेषेतला बिंदू), मधेच तुटलेले तुकडे आणि झूम केलं की अडखळणारं ऑटोकॅडचं ड्रॉइंग. असं ड्रॉइंग साफ करताना माझा सगळा भर क्रमावर असतो. आधी दुहेरी रेषा काढून टाकायच्या, मग तुकडे जोडायचे आणि सोपं करणं, म्हणजे जादा व्हर्टेक्स गाळणं, सर्वांत शेवटी. आधीच सोपं केलं तर प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं जशीच्या तशी राहतात आणि जोडावर कुबड दिसतं.

सुरुवातीलाच मूळ रेषांची प्रत वेगळ्या लेयरवर (ड्रॉइंगच्या थरावर) टाकून तो फ्रीझ केला, म्हणजे गोठवून लपवला. प्रॉपर्टीजमधून लांबी, आणि बंद आकृती असेल तर क्षेत्रफळही, लिहून ठेवलं. मग एकक तपासलं. बडोदा यूटीएमच्या (जगाचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर झोनमध्ये येतं. मीटरमधल्या ड्रॉइंगमध्ये इथला पूर्वेचा आकडा ३ लाखांच्या पुढे आणि उत्तरेचा २४ लाखांच्या पुढे दिसायला हवा. ७३ आणि २२ दिसले तर फाइल अंशांत आहे. तिथे ०.५ टॉलरन्स (सोपं करताना रेषा जास्तीत जास्त किती हलू द्यायची ते अंतर) दिला तर तो पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा होतो आणि अख्खी नदी एका रेघेत संपते!

ओव्हरकिल ही कमांड चालवली की एकावर एक पडलेल्या रेषा जातात, आणि त्यातला पॉलीलाइनचे सेगमेंट सुधारण्याचा पर्याय चालू असेल तर सरळ रेषेतले फालतू व्हर्टेक्सही जातात. पुढे पीएडिट (पॉलीलाइन बदलण्याची कमांड), एम (मल्टिपल), सगळं निवड, जे (जॉइन). जोडताना विचारलं जाणारं फझ अंतर, म्हणजे किती मोठी फट जोडायची ती मर्यादा, प्रत्यक्ष फटीपेक्षा किंचित जास्त ठेवतो. फट २० सेंमीची असेल तर ०.२५ पुरतं. तिथे २ टाकलं तर नाल्याचं तोंड थेट नदीच्या काठाला चिकटतं. समोरासमोर दिसूनही दोन तुकडे जोडले जात नसतील तर बहुतेक वेळा त्यांची एलिव्हेशन (उंची) वेगळी असते. काठाच्या रेषांना सरळ शून्य द्यावं. कंटूरवर (समान उंचीच्या रेषांवर) मात्र सगळं शून्य उंचीवर आणणारी फ्लॅटन कमांड मारू नये, सगळ्या उंच्या पुसल्या जातील.

आता मुख्य काम. साध्या ऑटोकॅडमध्ये टॉलरन्स देऊन व्हर्टेक्स कमी करणारी कमांड नाही. ऑटोकॅडचेच भाऊबंद मॅप थ्रीडी किंवा सिव्हिल थ्रीडी असतील तर मॅपक्लीन या साफसफाईच्या कमांडमधलं सिम्प्लिफाय वापरता येतं. नसतील तर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं सिम्प्लिफाय फुकटात तेच करतं. त्यातली अंतरावर चालणारी रीत डग्लस-प्यूकर यांची, १९७३ची. रेषेची दोन टोकं सरळ जोडायची आणि त्या सरळीपासून सर्वांत लांबचा बिंदू शोधायचा. तो टॉलरन्सच्या आत असला तर मधले सगळे बिंदू गाळायचे. बाहेर असला तर तो ठेवायचा आणि दोन्ही भागांवर पुन्हा हेच.

टॉलरन्स मी अंदाजाने देत नाही, छपाईच्या स्केलवरून काढतो. कागदावर ०.२ मिमीपेक्षा बारीक फरक डोळ्याला दिसत नाही. १:५००० ला तो जमिनीवर १ मीटर होतो, १:१००० ला २० सेंमी. दुसरी बाजू पिक्सेलची. चित्राचा पिक्सेल अर्ध्या मीटरचा असेल तर ०.१ टॉलरन्सने पायऱ्या हलतही नाहीत, निदान पिक्सेलएवढा तरी द्यावा लागतो. त्यामुळे या चित्रावरून १:५००० साठी ०.५ ते १ मीटर ही माझी रेंज, आणि मी ०.५ पासून सुरू करतो. त्याच चित्रावरून १:१००० चा नकाशा मागितला तर गणित जमत नाही. तिथे काठ नव्याने मोजावा हेच बरं.

बिघडतं कुठे? जिथे नदी जवळजवळ वळसा पूर्ण करते, त्या अरुंद मानेवर. दोन्ही बाजूंचे बिंदू गळले की रेषा स्वतःलाच छेदते. कोतरांच्या (नदीकाठच्या घळींच्या) उतारावर कंटूर एकमेकांना चिकटून असतात. प्रत्येक कंटूर स्वतंत्रपणे सोपा होतो, म्हणून शेजारचे दोन एकमेकांना कापतात. कापणाऱ्या कंटूरवरून केलेला पृष्ठभाग पुराच्या अभ्यासाला निरुपयोगी. एवढ्या पट्ट्यात टॉलरन्स निम्मा करतो किंवा व्हर्टेक्सच्या ग्रिपवर (रेषा निवडल्यावर दिसणाऱ्या छोट्या चौकोनावर) माउस थांबवून रिमूव्ह व्हर्टेक्सने हाताने काढतो.

सर्व्हे नंबरच्या हद्दींना हात लावायचा नाही. दोन प्लॉटची सामाईक हद्द दोन वेगळ्या पॉलीलाइनमध्ये असते. आरंभबिंदू वेगळा असला की दोन्ही वेगळ्या सोप्या होतात आणि मधे चिंधीसारख्या फटी पडतात. क्षेत्रफळ बदलतं ते वेगळंच.

रेषा टोकदार दिसते म्हणून पीएडिटमधला स्प्लाइन हा गोलाई देणारा पर्याय लावण्याचा मोह आवरावा, टोकं सोडली तर वक्र मूळ बिंदूंवरून जातच नाही. फिट हा दुसरा पर्याय बिंदूंवरून जातो, पण मधे पोट काढतो. पीएडिटमधल्याच डीकर्व्हने दोन्ही परत घेता येतात, फक्त रस्त्याच्या खऱ्या आर्क (वर्तुळाचे कंस) असलेल्या पॉलीलाइनवर ते चालवलं तर आर्कही सरळ होतात.

शेवटी जुना लेयर लाल करून नव्यावर ठेवला आणि लांबी ताडली. पायऱ्या गेल्या की लांबी घटणारच. बंद आकृतीचं क्षेत्रफळ मात्र फारसं हलायला नको. तुटक लाइनटाइप (रेषेचा नमुना) अजूनही सलग दिसत असेल तर पीएडिटमध्ये एलटाइप जेन ऑन करावं, नाहीतर प्रत्येक व्हर्टेक्सला नमुना नव्याने सुरू होतो.