पांढऱ्या दगडाच्या मुलखात सायकलवरून

ल्वार नदीचं खोरं म्हटलं की लोक राजवाडे मोजायला लागतात. पॅरिसहून सकाळी निघालेली बस दिवसभरात दोन-तीन वाडे दाखवते आणि रात्री परत आणून सोडते. नदी दिसते ती पूल ओलांडताना, तेवढीच. आम्हाला नदी बघायची होती. म्हणून दादा, वहिनी आणि मी सप्टेंबरमध्ये ब्लुआ गावात सायकली भाड्यानं घेतल्या आणि काठाकाठानं, रमतगमत, सोम्यूरपर्यंत गेलो.

ल्वार ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी जास्त. तिच्या सोबतीनं अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. आमच्या वाट्याचा मधला तुकडा जवळजवळ सपाट. वहिनींनी कॉलेजनंतर सायकल चालवली नव्हती, त्यांनी बॅटरीची घेतली. बॅगा पुढच्या मुक्कामी नेऊन टाकणाऱ्या गाड्या मिळतात, त्यामुळे सायकलवर पाणी, पाव आणि तूर शहराकडचं राख लावलेलं शेळीचं चीज एवढंच ओझं. या चीजच्या लांबट नळीतून गवताची एक काडी आरपार घातलेली असते, ती ओढून काढायची आणि मग काप करायचे. शाकाहारी माणसाचं दुपारचं जेवण त्यावर उत्तम होतं.

वाट बऱ्याच ठिकाणी पूर अडवायच्या बांधावरून जाते. हे बांध मध्ययुगापासून घालत आणि उंच करत आणलेले आहेत. आम्ही गेलो तेव्हा पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. वाळूच्या पट्ट्यांवर बगळे उभे, मधून हिरवट पाण्याच्या दोन-तीन धारा. ही नदी कुणाचं काय बिघडवणार, असं वाटावं इतकी शांत. पण गावात शिरलं की घरांच्या कोपऱ्यावर दगडात कोरलेल्या आडव्या रेघा दिसतात आणि शेजारी साल: १८४६, १८५६, १८६६. एका घराशी मी सायकल टेकवली, तर १८५६ची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. त्यानंतर बांधाच्या दोन्ही बाजूंना मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला तिच्या पातळीला वसलेली शेतं आणि घरं, आणि मधल्या त्या कण्यावर आपण.

पश्चिमेकडे जाताना वारा बहुतेक वेळा समोरून येतो. पण याच वाऱ्यावर इथला व्यापार शतकानुशतकं चालला. सपाट तळाच्या होड्या प्रवाहाबरोबर खाली यायच्या आणि मोठं चौकोनी शीड उभारून समुद्राकडच्या वाऱ्यानं वर चढायच्या. १८४६ मध्ये ऑर्लेआंहून तूरपर्यंत रेल्वे आली आणि काही दशकांत नावाडी संपले. धक्क्यांचे दगडी उतार मात्र प्रत्येक गावात शाबूत आहेत. आमचं जेवण बहुतेक त्यांवरच झालं.

वाडे पाहिले, पण दिवसाला एकच, असं ठरवून. शांबोर भव्य आहे. ४४० खोल्या, भोवती ३२ किलोमीटरची भिंत, आणि मधोमध एकमेकांभोवती फिरणारे पण कुठेही न मिळणारे दोन जिने. दादा एकानं चढला, मी दुसऱ्यानं. खिडक्यांतून एकमेकांना दिसत राहिलो आणि भेटलो थेट वर. हा वाडा बांधायला काढला १५१९ मध्ये आणि त्याच वर्षी २ मे रोजी आंब्वाझ गावी लिओनार्दो दा विंची वारला. राजा पहिल्या फ्रान्स्वानं १५१६ मध्ये त्याला इटलीहून बोलावून घेतलं होतं. त्या जिन्यामागची कल्पना त्याचीच असावी असं अनेकांना वाटतं. मात्र राजा स्वतः शांबोरला सगळे मिळून काही आठवडेच राहिला. ते रिकामपण आजही दालनांतून जाणवतं.

माझं मन बसलं ते शनोंसोवर. आंब्वाझच्या जंगलातून सायकलनं तिथं पोचायला तासभर पुरतो. हा वाडा ल्वारवर नाही, तिला मिळणाऱ्या शेर नदीवर आहे, आणि ‘वर’ म्हणजे अक्षरशः पाण्यावर. फ्रान्सचा राजा दुसरा आन्री याची प्रेयसी द्यान द प्वातिए हिनं नदीवर पूल बांधला. राजा वारल्यावर त्याची राणी कातरीन द मेदिची हिनं द्यानकडून वाडा काढून घेतला आणि त्याच पुलावर ६० मीटर लांबीचं दालन चढवलं. खाली काळ्या-पांढऱ्या फरशा, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि छतावर पाण्याचा उजेड हलत असतो. पहिल्या महायुद्धात वाड्याच्या मालकानं इथं रुग्णालय उघडलं, या दालनात जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या. दुसऱ्या महायुद्धात शेर नदी हीच सीमारेषा झाली. वाड्याचा मुख्य दरवाजा जर्मनांच्या ताब्यातल्या भागात आणि दालनाच्या टोकाचं दार पलीकडच्या मोकळ्या भागात. त्या दारातून माणसं सुटून गेली. वहिनी त्या उंबऱ्यावर बराच वेळ थांबल्या. राजाराण्यांच्या गोष्टींपेक्षा मलाही तो उंबराच मोठा वाटला.

तूर शहर आम्ही मुक्कामापुरतं पाहिलं. पुढं विलांद्री. इथं वाड्याआधी बाग बघायची, आणि बागेतही भाज्यांची. नऊ मोठे चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि ती भरलेली कोबी, बीट, भोपळ्यांनी. निळसर कोबीच्या रांगेला लालभडक बिटाच्या पानांची किनार. १९०६ मध्ये होआकिम कार्व्हालो या स्पॅनिश संशोधकानं ही जागा घेतली आणि तिथलं इंग्रजी वळणाचं उद्यान काढून प्रबोधनकाळच्या धर्तीवर बाग नव्यानं आखली. दादाला गच्चीवरच्या बागेचा नाद. तो वाफ्यांमधून हलेचना.

पण मला सांगायचंय ते दगडाविषयी. कांद-सँ-मार्तँला व्हिएन नदी ल्वारला मिळते. तिथल्या चर्चच्या भिंतीजवळ दादा म्हणाला, “नख लावून बघ गं.” लावलं, तर पिठूळ पांढरी भुकटी बोटाला आली. हा त्यूफो. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला चुनखडक. खाणीतून काढताना तो करवतीनं कापता येतो आणि हवा लागली की कडक होत जातो. म्हणूनच वाड्यांवर एवढी बारीक नक्षी. नदीकाठच्या कड्यांतून तो कापला, होड्यांतून वाहून नेला आणि त्याचे वाडे, चर्च, पूल, घरं उभी राहिली. कड्यात उरल्या त्या पोकळ्या. त्या कुणी वाया घालवल्या नाहीत. काहींत लोक राहायला गेले, काहींत वाइनची पिंपं आली, सोम्यूरच्या बाजूला अळंबीची लागवड सुरू झाली. आत बाराही महिने १२-१३ अंश.

या परिसरातली एकच खरी चढण फोंतव्रोच्या मठाकडं जाणारी. ती चढाच. ११०१ मध्ये स्थापन झालेल्या या मठात इंग्लंडच्या एलिनॉर राणीची रंगवलेली दगडी मूर्ती आडवी पहुडली आहे, शेजारी नवरा दुसरा हेन्री, जवळच मुलगा रिचर्ड. राजांच्या हाती राजदंड, तिच्या हाती उघडं पुस्तक. पुढं नेपोलियननं याच मठाचा तुरुंग केला आणि तो विसाव्या शतकापर्यंत चालला.

मोंसोरोपासून सोम्यूरपर्यंतची वाट माझ्या मते सगळ्यात सुंदर. डावीकडे पांढरा कडा, त्यात कोरलेली घरं. दाराशी गुलाब, खिडकीला पडदे, आणि धुराडं वरच्या द्राक्षमळ्यातून निघालेलं. त्युर्कांमध्ये सफरचंदं भट्टीत वाळवून, ठोकून चपटी करण्याची जुनी रीत अजून दाखवतात. सुझे-शांपिन्यीला तर वाट सरळ कड्याच्या पोटात शिरते. बाहेर ऊन, आत एकदम गारवा, आणि भिंतीवर हत्यारांच्या तिरप्या खुणा हाताला लागतात. इथं सायकलवरून उतरावंच.

संध्याकाळी अशाच एका गुहेत जेवलो. लाकडाच्या भट्टीत पिठाचा छोटा गोळा टाकतात, तो भाकरीसारखा टम्म फुगतो. मग कापून आत शिजवलेले पांढऱ्या घेवड्याचे दाणे, लोणी, शेळीचं चीज भरायचं. बरोबर डुकराच्या मांसाचं सारणही मांडतात, तेव्हा शाकाहाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. भरलेली मोठी अळंबीही मागवा.

तुमच्या हाताशी सुट्टी थोडीच असेल तर ब्लुआ-शांबोर सोडा. तूरहून निघा, विलांद्री, कांद, फोंतव्रो करत सोम्यूरला या आणि तिथून सायकलसकट ट्रेननं तूरला परता. जून चांगला, सप्टेंबर त्याहून चांगला, कारण तेव्हा मळ्यांत द्राक्षतोडणी चालू असते आणि सगळ्या गावांना आंबूस-गोड वास येत असतो.