आईबाबांचे माइल्स, पोरांचे माइल्स आणि फॅमिली पूल

माइल्स म्हणजे विमानप्रवासावर एअरलाइन देते ते पॉइंट, ज्यांवर पुढे तिकीट निघतं, आणि पूल म्हणजे घरातल्यांचे माइल्स एकत्र करणं. आमच्या घरात जो सगळ्यात जास्त उडतो त्याला माइल्सचा पूल करायची गरज नाही, आणि ज्यांना गरज आहे ते वर्षा-दोन वर्षांतून एकदा उडतात त्यामुळे त्यांच्या माइल्सकडे कुणी बघतच नाही. नवरा नुवार्कहून ऑफिसच्या कामाला सारखा इकडेतिकडे, त्याचं युनायटेड एअरलाइन्सचं अकाउंट गलेलठ्ठ. आणि दुसरीकडे पुण्याहून येणारे आईबाबा, नाशिकहून येणारे सासूसासरे, आमची दोन कार्टी आणि मी. सगळ्यांचे थोडे थोडे माइल्स, वेगवेगळ्या एअरलाइनवर, आणि कुणाचेच एका तिकिटाला पुरतील एवढे नाहीत. इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये, आमच्या ओळखीच्या जवळपास प्रत्येक मराठी घरात हीच परिस्थिती आहे, आणि हल्ली तर भेटलं की 'तुम्ही पूल केला का' हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. बहुतेक एअरलाइन्सवर तुम्ही तुमच्या माइल्समधून दुसऱ्या कुणाचंही तिकीट काढू शकता. आईचं, बहिणीचं, शेजारणीचं, कुणाचंही. म्हणजे नवऱ्याकडे भरपूर माइल्स असतील तर सासूबाईंचं तिकीट सरळ त्याच्या अकाउंटमधून निघतं, पूल वगैरे काही लागत नाही. सिंगापूर एअरलाइन्ससारखा अपवाद असतो, त्यांच्या क्रिसफ्लायर या माइल्सच्या प्रोग्रॅममध्ये आधी माणसं नॉमिनी म्हणून लावायला लागतात आणि तीही पाचच. पण एरवी मोकळं असतं. पूल लागतो तो फक्त एकाच एअरलाइनवर घरातल्या चार-पाच जणांचे अर्धेमुर्धे माइल्स पडले असतील तेव्हा. आधी हे बघा आणि मग उत्साहाने सगळ्यांना इन्व्हाइट पाठवत बसा.

आता कोण काय देतं ते. युनायटेडने मार्च २०२४ मध्ये पूलिंग सुरू केलं, एका पूलमध्ये पाच जण, लीडर अठरा वर्षांच्या वरचा पाहिजे. जेटब्लूमध्ये सात जण, आणि ते नातेवाईक असलेच पाहिजेत असंही नाही. एअर कॅनडाच्या एअरोप्लॅनमध्ये आठ जणांचं फॅमिली शेअरिंग आहे, २०२० च्या शेवटी त्यांनी नवीन एअरोप्लॅन आणलं तेव्हापासून. एमिरेट्सचं माय फॅमिली आहे, कतारचं आहे, एअर इंडियाने फ्लाइंग रिटर्न्सचं नाव बदलून महाराजा क्लब केलंय त्यातही फॅमिली पूल आहे. लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्ये दोन मोठी माणसं आणि पाच मुलं, म्हणजे आजीआजोबांना जागाच नाही, ही फॅमिलीची जर्मन कल्पना असावी. डेल्टा आणि अमेरिकनवर असला फुकट पूल नाही. एकाकडून दुसऱ्याकडे माइल्स पाठवता येतात पण त्याचे पैसे घेतात आणि हिशोब केला तर बहुतेक वेळा तो सौदा वाईटच निघतो.

लंडनकडच्या लोकांना ब्रिटिश एअरवेजचं हाउसहोल्ड अकाउंट माहीत असेल, हेड धरून सात जण, सगळे एकाच पत्त्यावर राहणारे. म्हणजे पुण्यातले आईबाबा तुमच्या क्रॉयडनच्या पत्त्यावर दाखवायचे का हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी तर म्हणेन नको, अकाउंट बंद पडलं तर सगळ्यांचेच आव्हिओस (ब्रिटिश एअरवेजचे माइल्स) अडकतील. आणि त्यात एक गंमत आहे, तिकीट काढलं की आव्हिओस सगळ्यांच्या अकाउंटमधून ज्याच्या त्याच्या प्रमाणात जातात. तुम्ही म्हणाल आधी पोरांचे संपवू आणि माझे ठेवू, तर तसं होत नाही. शिवाय हाउसहोल्डमध्ये गेलात की तिकीट फक्त घरातल्यांचं किंवा तुम्ही लिस्टमध्ये टाकलेल्या लोकांचंच काढता येतं. म्हणजे पूल केल्यावर उलट हात थोडे बांधलेच जातात, हे कुणी आधी सांगत नाही.

आता आमच्यासारख्यांचा खरा घोळ. आईबाबा मुंबईहून एअर इंडियाने थेट नुवार्कला येतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये, म्हणजे युनायटेड आणि एअर कॅनडाही आहेत त्या एअरलाइन्सच्या गटात आहे, म्हणजे त्यांच्या तिकिटावर एअर इंडियाचाच नंबर टाकायला पाहिजे असं नाही, युनायटेडचा किंवा एअरोप्लॅनचा टाकला तरी चालतो. मग वाटतं वा, आईबाबांना युनायटेडचं अकाउंट उघडून देऊ, आपल्या पूलमध्ये घेऊ, झालं काम. मुंबई-नुवार्क एका बाजूचं अंतर साधारण ७,८०० मैल, दोघं जाऊनयेऊन, आकडा एकदम छान दिसतो. पण पार्टनरच्या, म्हणजे गटातल्या दुसऱ्या एअरलाइनच्या, तिकिटावर पूर्ण मैल मिळतीलच असं नाही, फेअर क्लास, म्हणजे तिकिटाच्या भावाचा प्रकार दाखवणारं अक्षर, बघायला लागतो. स्वस्तातल्या तिकिटाला अर्धे, कधी त्याहून कमी आणि काही क्लासला तर चक्क शून्य. आपण तिकीट काढताना काय बघतो, भाव आणि दोन बॅगा मिळतायत ना, क्लासचं अक्षर कोण बघतंय.

आणि पुढचा घोळ त्याहून मोठा. युनायटेडने पूल सुरू केला तेव्हापासूनचा नियम असा की पूलमधले माइल्स युनायटेडच्याच विमानांना चालतात, पार्टनरच्या नाही. म्हणजे आईबाबांनी एअर इंडियावर कमावलेले माइल्स पूलमध्ये गेले की त्याच माइल्सवर एअर इंडियाचं मुंबईचं तिकीट निघत नाही! तेच माइल्स आईच्या स्वतःच्या अकाउंटमध्ये राहिले असते तर पार्टनरलाही वापरता आले असते. युनायटेडचे माइल्स एक्सपायर होत नाहीत, त्यामुळे ते पूलमध्ये ढकलायची घाई करायचं काहीच कारण नसतं. तिकीट समोर दिसतंय, थोडेच कमी पडतायत, तेव्हाच ढकलायचे. आमच्याकडे आईचे तसेच बाजूला ठेवलेत, पोरांचे आणि माझे पूलमध्ये, कारण आम्ही तसंही ते ऑर्लँडो नाहीतर शिकागोलाच वापरणार. डोमेस्टिकला माइल्सवर तिकीट काढलं की वरून एका बाजूला ५.६० डॉलर फक्त भरायला लागतात, ते बरं पडतं. आंतरराष्ट्रीयला मात्र 'फुकट तिकीट' हा शब्द विसरा, टॅक्स आणि सरचार्ज बघून कधीकधी वाटतं पैसे देऊनच काढलं असतं. लंडनवरून निघणाऱ्यांना हे जास्त चांगलं माहीत असेल.

सासूसासरे दुबईवरून एमिरेट्सने येतात कारण मध्ये पाय मोकळे होतात आणि व्हीलचेअरवाला माणूस चांगला असतो (हे सासऱ्यांचं मत, मी फक्त कळवतेय). एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सचे माइल्स तीन वर्षांनी जातात आणि तेसुद्धा तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटी. दर दोन वर्षांनी येणाऱ्या माणसाचे पुरेसे जमेपर्यंत पहिले निघून गेलेले असतात. इथे पूल खरंच उपयोगी पडतो, दोघांचे एकत्र झाले की निदान काहीतरी हाताला लागतं. पण पूल आधी उघडा आणि मग प्रवास करा, कारण काही प्रोग्रॅममध्ये फक्त यापुढे मिळणारेच माइल्स पूलमध्ये जातात, आधीचे जिथल्या तिथे राहतात. आणि काही ठिकाणी एकदा टाकलेले परत बाहेर काढता येत नाहीत. हे नियम सारखे बदलतात, तेव्हा कुणी व्हॉट्सॲपवर सांगितलं म्हणून करू नका, त्या त्या एअरलाइनच्या साइटवर जाऊन वाचा. मी लिहिलंय म्हणूनसुद्धा करू नका.

नावाचं एक वेगळंच. पासपोर्टवर आपल्याकडे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये चिकटलेलं असतं, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा, कुणाचं लग्नाआधीचं नाव अजून तसंच. मुलगा इकडून घाईत अकाउंट उघडतो, आईचं घरचं नाव टाकतो, तिकीट पासपोर्टच्या नावाने, मग माइल्स जमाच होत नाहीत आणि कस्टमर केअरला कागद पाठवत बसा. अकाउंट उघडताना पासपोर्ट समोर ठेवूनच टाइप करायचं. बोर्डिंग पास परत घरी जाईपर्यंत टाकायचे नाहीत, फोटो काढून ठेवायचे, कारण न मिळालेले माइल्स नंतर काही महिन्यांपर्यंत क्लेम करता येतात आणि त्याला तिकीट नंबर लागतो. मुलांचं दोन वर्षं पूर्ण झाल्यावर वेगळं तिकीट सुरू होतं, त्या दिवसापासून त्यांचंही अकाउंट हवं. मांडीवरच्या बाळाला माइल्स नाहीत.

आणि ओटीपी. आईला फोन करून म्हटलं की एक कोड येईल तो वाच, तर ती म्हणाली बँकवाल्यांनी सांगितलंय ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. अगं मी तुझी मुलगी आहे! तरी नाहीच. एका अर्थी बरोबरच आहे तिचं. शेवटी मी एक वेगळा ईमेल काढून दोघांची अकाउंटं त्यावर घेतली आणि पासवर्ड लिहिलेला कागद बाबांच्या फाइलीत, मृत्युपत्राच्या शेजारी. त्यावरून आठवलं, बहुतेक प्रोग्रॅमच्या अटींमध्ये माइल्स ही तुमची मालमत्ता नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. माणूस गेला की ते वारसाला मिळतील की नाही हे एअरलाइनच्या मर्जीवर. जुन्या लोकांच्या ड्रॉवरमध्ये अजून जेट एअरवेजची कार्डं सापडतात, ब्रसेल्सवरून नुवार्कला यायची ती जेट, १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उडलं तिचं. तेव्हा 'जमवून ठेवू, पुढे कधीतरी बिझनेस क्लासने येऊ' हे मला पटत नाही. म्हातारपणी पाय दुखतात म्हणून बिझनेस क्लास हवा असेल तर आत्ता हवा.

आता खरी भांडणं. पूलचा हेड कोण? कारण तिकीट काढायचा अधिकार बहुतेक ठिकाणी हेडकडेच असतो, फार तर तो दुसऱ्याला परवानगी देतो. बाकीचे फक्त घालणारे. आमच्याकडे सासरे म्हणाले मी मोठा, मी हेड. त्यांना लॉगिन करता येत नाही. मग नवरा हेड. मग नणंदेने टोरांटोहून विचारलं की आईबाबा माझ्याकडेही राहतात ना सहा महिन्यांतले दोन, मग त्यांचे माइल्स तुमच्याच पूलमध्ये का? मुद्दा रास्त आहे. आणि एका माणसाला एकाच पूलमध्ये राहता येतं, इकडे थोडे तिकडे थोडे असं होत नाही. ती म्हणते पुढच्या वेळी त्यांना एअर इंडियाने आणू आणि एअरोप्लॅनचा नंबर टाकू, फॅमिली शेअरिंगमध्ये आठ जण बसतात, म्हणजे दोन्ही घरं एकात, आणि ते पार्टनरलाही वापरता येतात. कागदावर तिचं म्हणणं माझ्यापेक्षा जास्त बरोबर आहे हे मला दिसतंय. फक्त मग सासऱ्यांना दुबई सोडायला लागेल, आणि ते त्यांना कोण सांगणार यावर सध्या फॅमिली ग्रुपवर सगळे ऑनलाइन असून कुणीही काही टाइप करत नाहीये.