डेट्रॉइटच्या जाहिराती आणि चार मतं

आम्ही राहतो विंडसरमध्ये, म्हणजे कॅनडात, पण टीव्हीच्या हिशोबाने डेट्रॉइटमध्येच. मध्ये फक्त नदी. (त्यातही अमेरिका इथून उत्तरेला, त्यामुळे पहिले सहा महिने माझ्या दिशाच गंडल्या होत्या.) घरमालकाने छपरावर अँटेना लावून ठेवलाय, त्यावर डेट्रॉइटचे चॅनल फुकट लागतात, आणि 2024 च्या ऑक्टोबरात, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर, त्या फुकटाची पुरेपूर किंमत आम्ही मोजली.

डेट्रॉइट येतं मिशिगनमध्ये, आणि मिशिगन म्हणजे कुठल्याही पक्षाकडे झुकू शकणारं राज्य, अध्यक्ष ठरवणारी 15 इलेक्टोरल मतं, शिवाय सिनेटची जागा, त्यामुळे प्रत्येक ब्रेकमध्ये चार-चार जाहिराती आणि चारही एकसारख्या. आधी विरोधकाचा काळपट फोटो, भुताच्या सिनेमातलं म्युझिक, हा तुमची पेन्शन खाणार, ती सीमा उघडी टाकणार, आणि मग एकदम लख्ख ऊन, कुंपणाला टेकून उभा आपला उमेदवार. शेवटी त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं की ही जाहिरात मला मान्य आहे, तसा नियमच आहे तिकडे. हवामान बघायला टीव्ही लावावा तर जाहिरात, मॅच लावावी तर जाहिरात, आणि यातल्या एकालाही मत द्यायचा अधिकार या घरात कुणाला नाही! आमचे सहा वर्षांचे चिरंजीव तर ताटातल्या भेंडीकडे बघून "आय डू नॉट अप्रूव्ह धिस मेसेज" म्हणायला लागले. बायको हसली. मला काही हसू आलं नाही.

पण शेजारच्या काकांना हे सगळं आवडायचं. काका सत्तरीच्या पुढचे, मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, अख्खी गल्ली त्यांना नुसत्या नावाने हाक मारते, मला ते अजून जमत नाही. त्यांना मिशिगनच्या मकॉम्ब काउंटीत कोण पुढे आहे, डिअरबॉर्नचे अरब मतदार यंदा कुणावर चिडलेत, हे असं पाठ की आपल्याकडे पारावर बसून बारामतीचं गणित सांगावं. मी एकदा सहज विचारलं, आपल्या भागाचा खासदार कोण हो? काका थांबले. आठवलं म्हणा शेवटी, पण थांबले.

आणि वर तो तोरा! अमेरिकेची निवडणूक म्हणजे सर्कस, आमच्याकडे बघ, कागदाची मतपत्रिका, हाताने मोजणी, पाच-सहा आठवड्यांत प्रचार खलास. मग माझ्याकडे वळून, तुमच्याकडे किती दिवस चालते? मी म्हटलं, यंदा लोकसभेला सात टप्पे, 19 एप्रिल ते 1 जून. काकांच्या भुवया वर गेल्या. त्या भुवया मला जरा झोंबल्याच, खोटं कशाला बोलू, म्हणून मी लगेच ऐकवलं की 64 कोटी लोकांनी मत दिलं आणि बहुतेक निकाल एका दिवसात हातात आला, तुमच्या नदीपलीकडच्यांना जमतं का. इथवर मी जिंकत होतो. पण पुढे नोव्हेंबरात विधानसभेचा निकाल लागला आणि काकांनी चांगुलपणाने विचारलं, तुझ्या राज्यात कोण आलं? तिथे मी फसलो. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, एकेक इकडे, एकेक तिकडे, कुठला काका आणि कुठला पुतण्या... पेपर नॅपकिनवर बाण काढून दाखवले. काका म्हणाले, हे तर मिशिगनपेक्षा अवघड आहे. मी ते कौतुक समजून घेतलं.

मग ट्रम्प आले आणि कॅनडाला 51वं राज्य म्हणायला लागले, तेव्हा काकांची करमणूक संपली. मुलगी त्यांची डेट्रॉइटच्या हॉस्पिटलात नर्स, रोज नदीखालच्या बोगद्यातून पलीकडे जाणार आणि परत येणार. मार्चमध्ये ऑन्टारिओच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, सरकारी दारूच्या दुकानांनी अमेरिकन बाटल्या शेल्फवरून काढल्या. काकांच्या कपाटात केंटकीची बर्बन व्हिस्की आहे, पण तो "जुना स्टॉक", त्याला बहिष्कार लागू नाही म्हणे! एप्रिलमध्ये मोटारींवर अमेरिकेचं 25 टक्के टॅरिफ लागलं आणि इथला मिनीव्हॅनचा कारखाना दोन आठवडे बंद राहिला. तेव्हा मात्र काका अंगणात नुसते उभे असायचे, हातात पाण्याचा पाइप, पाणी बंद.

28 एप्रिल 2025 ला कॅनडाची निवडणूक झाली. जानेवारीत हरल्यात जमा असलेले सत्ताधारी लिबरल पक्षवाले नवे नेते कार्नींना पुढे करून जिंकले, विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पॉलिएव्ह स्वतःची जागा हरले, आणि सगळे म्हणतात की हे निम्मं ट्रम्प यांनीच करून दिलं. पण आमची खरी गंमत पुढेच. शेजारच्या विंडसर-टेकुमसे-लेकशोर मतदारसंघात इतकी घासून झाली की फेरमोजणी करावी लागली, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार जिंकल्या चार मतांनी. चार! काकांची मुलगी राहते तिथेच, आणि त्या दिवशी तिची नदीपलीकडे डबल शिफ्ट होती, मत राहूनच गेलं. काकांनी तिला रागावून घेतलं तर ती म्हणाली, बाबा, माझं एक धरलं तरी तीन कमीच पडली असती ना.

मी मध्ये पडलो नाही. पडणार कुठल्या तोंडाने? मी अजून इथला नागरिक नाही, आणि भारतातलं मत द्यायचं तर प्रत्यक्ष बूथवर जावं लागतं, त्यासाठी तिकीट काढण्याइतकी माझी लोकशाहीवर निष्ठा नाही, सुट्ट्याही नाहीत. म्हणजे तीन देशांच्या निवडणुका तोंडपाठ आणि बोटाला शाई शून्य. पण बघणाऱ्याला जरा जास्त दिसतं, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तेच काका पण म्हणायचे.

2026 च्या नोव्हेंबरात मिशिगनला गव्हर्नर निवडायचाय. अँटेना उतरवू का असं घरमालकाला विचारायचं मी दोनदा ठरवलं. मग म्हटलं राहू दे, मॅच लागतात त्यावर.