पावणेदोन मैलांची वाट आणि स्कूल बस: माझा अनुभव

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतील एका उपनगरात आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा मुलीला तिसरीत प्रवेश मिळणे सोपे गेले. भाडेकरार, विजेचे बिल, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद एवढ्यावर काम झाले; व्हिसाबद्दल कोणी विचारलेही नाही. अडचण आली ती बसची. राज्याच्या कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलांची शाळा दोन मैलांहून दूर असेल तरच बस देणे बंधनकारक आहे, आमचे घर पावणेदोन मैलांवर आहे, म्हणून बस मिळणार नाही, असे पत्र ऑगस्टमध्ये आले. अंतर बरोबर होते. पण त्या वाटेवर काउंटीचा एक वळणावळणाचा रस्ता लागतो, तिथे बरेच अंतर फुटपाथ नाही आणि गाड्या वेगाने जातात. आठ वर्षांच्या मुलीने तिथून चालत जावे, हे मला मान्य होणे शक्य नव्हते.

माझी आई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. त्यामुळे शाळेची तक्रार म्हणजे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी अशी वर चढत जाणारी वाट माझ्या डोक्यात पक्की होती. त्याच समजुतीने मी आधी मुख्याध्यापिकांकडे आणि मग टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कार्यालयात गेले, आणि यात दोन महिने गेले. फुटपाथ काउंटीचा, चौकात मुलांना रस्ता ओलांडून देणारा गार्ड पोलीस खात्याचा, आणि बस मात्र स्कूल डिस्ट्रिक्टची, जी टाउनशिपचा विभाग नसून स्वतंत्र शासनसंस्था आहे, हे कोणी एकत्र सांगितले नाही. प्रॉपर्टी टॅक्स टाउनशिप गोळा करते, पण त्यातला शाळांचा वाटा डिस्ट्रिक्टला द्यावाच लागतो आणि तो कसा खर्च करायचा हे बोर्ड ऑफ एज्युकेशन ठरवते. आमच्या बोर्डात नऊ निवडून आलेले सदस्य आहेत. त्यांची मुदत तीन वर्षांची असते आणि त्यांना मानधन मिळत नाही. रोजचा कारभार सुपरिंटेंडंट पाहतात आणि पैसा, इमारती व बसगाड्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरकडे असतात.

हे कळल्यावर मी बोर्डाची धोरणे वाचायला बसले. दोन मैलांच्या आतल्या मुलांना डिस्ट्रिक्ट स्वतःच्या मर्जीने बस देत असेल, तर धोकादायक वाटांबाबत लेखी धोरण ठेवणे राज्याने सक्तीचे केले आहे, आणि फुटपाथ नसणे, वाहनांची संख्या व वेग, रस्त्याची वळणे हे निकष त्यात मोडतात. मी सकाळी आठच्या सुमाराचे फोटो काढले, वाटेवरच्या सहा घरांतल्या पालकांच्या सह्या घेतल्या आणि सगळे बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरना लेखी पाठवले.

नंतर बोर्डाच्या सभेत गेले. मला इथे मताचा हक्क नाही, पण प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ राखून ठेवणे बोर्डावर बंधनकारक आहे. आमच्याकडे तो माणशी तीन मिनिटे असतो. सदस्य त्या वेळी उत्तर देत नाहीत, नुसते ऐकतात. हे मला आधी माहीत असते तर त्या रात्री मी इतकी खचून घरी आले नसते. खरे काम बोर्डाच्या समितीत होते. तीन आठवड्यांनी तिथे पोलिसांच्या वाहतूक अधिकाऱ्याचे मत मागवले गेले. अशा बसला राज्याकडून अनुदान मिळत नाही आणि स्थानिक शालेय कराची वाढ वर्षाला साधारण 2 टक्क्यांच्या मर्यादेत ठेवावी लागते, म्हणून एका सदस्याने विरोध केला. त्यांचा मुद्दा मला पटला नाही, पण तो प्रामाणिक होता, कारण पैसे दुसऱ्या कुठल्यातरी खर्चातूनच काढायचे होते.

फेब्रुवारीच्या सभेत आमचा रस्ता धोकादायक वाटांच्या यादीत आला. मार्चपासून सकाळी 8 वाजून 10 मिनिटांनी बस आमच्या कोपऱ्यावर थांबते आणि त्या सहा घरांतली मुलेही तिथूनच चढतात. फुटपाथसाठीचा अर्ज मी आता काउंटीकडे दिला आहे.