चांदोली ते कुद्रेमुख: दिवाळीनंतरचा बेत

कोथरूडहून पहाटे पाचला निघायचं, एवढं पक्कं. नवा कात्रज बोगदा, खंबाटकी, मग कराडवरून आत चांदोलीकडे. 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल 2010 पासून कोयनेसोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघासाठी मी जात नाही. मला वारणेच्या पाण्यावरचं सकाळचं धुकं हवंय.

पुढचा टप्पा लांबचा, कर्नाटकातलं कुद्रेमुख. कन्नडमध्ये घोड्याचं तोंड. डोंगरमाथ्यावर नुसतं गवत आणि घळींमध्ये दाटलेली शोला वनं, हे मला कधीचं डोळे भरून बघायचंय! एका दमात रेटायचं नाही, मुक्काम बेळगावला. रात्रीचा घाट तर नकोच.

बाबांनी नकाशावर पेन्सिलीने रेघ मारलीय. घाटात मळमळतं म्हणून आईने आवळासुपारीची पुडी आत्ताच गाडीच्या कप्प्यात ठेवलीय.